नऊ नंबरच्या डब्यातली माती

१

डबा जागेवर होता. झाकणावरची चिकटपट्टी जागेवर होती. वजन ग्रॅमला ग्रॅम जुळत होतं. आणि आतली माती चोरीला गेली होती.

आता माती कोण चोरतंय हो? कोल्हापुरात लोक चपला चोरतात, सायकली चोरतात, घराबाहेर वाळत घातलेली लाल मिरचीसुद्धा उचलून नेतात. पण माती? तीही पाव किलो? १९९९ सालच्या मे महिन्यातल्या एका सोमवारी हा प्रश्न अक्षता कांबळेसमोर उभा राहिला.

अक्षता कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात संशोधन करत होती. काम कसलं, तर माती, वीट, वाळू, जांभा दगड, सिमेंट असल्या वस्तूंत किरणोत्सार किती आहे ते मोजायचं. वस्तू वाळवायची, कुटायची, चाळायची, बरोबर अडीचशे ग्रॅम डब्यात भरायची, चिकटपट्टीनं हवाबंद करायची आणि महिनाभर फळीवर ठेवून द्यायची. तेवढ्यात आतला वायू साठून स्थिर होतो. मग डबा शिशाच्या विटांच्या घरात बसवून चोवीस तास मोजणी. मशीन आलेख काढून देतं, आणि त्यातलं एकेक टोक एकेका मूलद्रव्याचं असतं. पोटॅशियम, युरेनियम, थोरियम हे निसर्गाचं देणं, ते थोडंफार सगळ्याच मातीत सापडतं. सेसियम मात्र माणसाचा उद्योग. जगात अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, त्यांची धूळ वाऱ्यावर फिरली आणि पावसाबरोबर आपल्याही रानात पडली. ती मातीला घट्ट धरून वरच्या वीतभर थरातच बसून राहते.

नऊ नंबरच्या डब्यात हे सेसियम होतं. अक्षतानं स्वतः बघितलं होतं. सेसियम मोजायला महिना थांबावं लागत नाही, म्हणून अधीर होऊन तिनं डबा भरला त्याच शनिवारी तो मशीनवर चढवला होता. रविवारी आलेखावर ते टोक स्वच्छ उभं होतं. आज महिन्यानंतर तोच डबा पुन्हा मोजला, तर तिथं सगळं सपाट!

सेसियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. महिन्याभरात ते पळून जाईल कुठं? शिवाय पोटॅशियमचा आकडाही बदललेला. अक्षतानं डबा बाहेर काढला आणि पट्टीचं टोक धरून ओढलं. टोकाला बारीकशी घडी घातलेली होती, त्यामुळं पट्टी सर्रकन निघाली. आत तांबडी मातीच होती, तशीच बारीक, तशीच चाळलेली.

पण ती तिची माती नव्हती.

२

"मशीन बिघडलं असंल," उदयसिंह म्हणाला. हा तिचा सहकारी, शेजारच्या टेबलावर बसून विटांवर काम करणारा. कामात हुशार, बोलण्यात फटकळ.

"बिघडलं असतं तर आठ नंबर कसा बरोबर आला? तू होतास की पहिल्या मोजणीला. तूच आलेख फाइलला लावलास."

उदयसिंहनं फाइल काढली. आलेख तिथंच होता. तो बघता बघता त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अक्षता, चोरी ऱ्हाऊ दे बाजूला. हा पहिला आलेखच चुकीचा हाय. नऊ नंबर म्हणजे साडेतीन फुटांवरची माती. तिथं सेसियम यायलाच नको."

"म्हणून तर मी पुन्हा मोजली! मला वाटलं, वरची माती सांडली असेल."

तीन खड्डे, प्रत्येकात तीन खोलींवरची माती, असे नऊ डबे. पहिल्या दोन खड्ड्यांत सगळं पुस्तकात असतं तसं होतं, वर सेसियम आणि खाली काही नाही. घोळ फक्त तिसऱ्या खड्ड्याच्या तळाला होता.

"सांडली न्हाई," उदयसिंह हळूच म्हणाला. "मीच भरली की. वरची माती साडेतीन फूट खाली जायला एकच वाट हाय. तिथं कुणीतरी आधी खड्डा काढला होता आणि बुजवला होता. बुजवताना वरची माती पहिली तळाला गेली."

अक्षता त्याच्याकडे बघतच राहिली. ही जागा तिनंच निवडली होती. असल्या कामाला कधीच नांगर न लागलेली जमीन हवी, आणि आपल्या जिल्ह्यात उसानं वीतभर जागा सोडलेली नाही. तिच्या गाइड सरांनी ठरवलेल्या जागेची परवानगी आयत्या वेळी नाकारली गेली, तेव्हा तिला आठवला तिच्याच वाडीवरचा माळ. कोडोलीच्या पुढं पन्हाळ्याच्या अंगाला ही वाडी, आणि माळ हंबीररावांचा. हंबीरराव म्हणजे उदयसिंहचा सख्खा मामा.

"मामानं का काढला असंल खड्डा?" तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग एकदम ताठ झाला. "ए, माझ्याकडं काय बघतीस तसं?"

बघणारच. फळीच्या कपाटाला तीन किल्ल्या. एक सरांकडं, आणि सर दोन महिने मुंबईला. दुसरी उदयसिंहकडं. तिसरी आण्णांकडं.

आण्णा मोहिते तेवढ्यात चहा घेऊन आले. विभागातले लॅब असिस्टंट. वय पन्नाशीकडं झुकलेलं, पण दंड अजून पहिलवानाचे. रोज पहाटे तालमीत कुस्तीच्या मातीचा हौदा उकरून मगच कामावर. तेही अक्षताच्याच वाडीचे. बारावीनंतर तिला कॉलेजात आणून फॉर्म भरून देणारे तेच, आणि तिच्या आईला दर आठवड्याला निरोप पोचवणारेही तेच. बाप नसलेल्या पोरीला बाप म्हणून जे काय मिळालं होतं, ते आण्णा होते.

"आण्णा, नऊ नंबरचा डबा कुणी हलवला होता का?"

"कोण हलवंल?" आण्णांनी कप ठेवला. "म्हैना झाल्याबिगर त्याला कोण हात लावतंय? काल तर पयल्यांदा मशीनवर चढला त्यो. का गं पोरी, काय झालं?"

"काही नाही," अक्षता म्हणाली.

उदयसिंह कप न उचलता तडक बाहेर गेला, आणि दोन मिनिटांत ऑफिसच्या फोनवर त्याचा आवाज आला. "मामा, अक्षता येईल तिकडं. काय बी बोलू नका तिच्याशी."

३

आता कुणी बोलू नका म्हटलं, की माणूस जाणारच. मंगळवारी सकाळच्या एसटीनं अक्षता वाडीत उतरली.

घरी आई, आक्काताई, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पंधरा वर्षं ती अशीच मान खाली घालून काही ना काही करत बसलेली अक्षतानं बघितली होती. ८४ च्या उन्हाळ्यात अक्षताचा बाप, बाळासो गवंडी, संध्याकाळी घरातनं बाहेर पडला तो परत आलाच नाही. त्याच आठवड्यात विटभट्टीवरची एक बाईही गाव सोडून गेली. झालं! वाडीनं दोन्हींची गाठ मारून टाकली. "आक्काताईचा न्हवरा पळाला." पाणवठ्यावर, लग्नात, विहारात, कुठंही गेलं तरी कुजबुज मागं यायची. नवरा मेला तर बाईला रडता येतं. पळालेल्यासाठी कसं रडायचं? आक्काताई रडलीच नाही. अक्षतानं मात्र बापाचा राग राग केला. दहा वर्षांची होती ती.

हंबीरराव सोप्यात झोपाळ्यावर बसले होते. सत्तरीचे, आवाज मात्र मैदानातला.

"या पावणं! भाच्याचा फोन आला. त्यो म्हणतोय बोलू नका. मी का कुणाला भितोय व्हय?"

"काका, माळावर तुम्ही कधी खड्डा काढला होता का? बोरीच्या झाडापासनं वीस पावलांवर?"

हंबीररावांचा झोपाळा थांबला.

"पुढल्या म्हैन्यात त्यो माळ शाळेला चाललाय. बांधकाम हुणार हाय. आता तू खड्डं, माती, असलं काय तरी काढलंस तर माळ घेणारं बिथरतील. म्हणून उदय घाबरतोय, दुसरं काय न्हाई." मग ते जरा थांबले. "खड्डा म्या न्हाई काढला. पर खड्डा हुता."

"कुणी काढला होता?"

"आमच्या तालमीच्या हौद्याला तांबडी माती लागायची. ती त्या माळावरची. तुझाच बा आणायचा की बुट्टीनं. लई जोर त्याच्या अंगात! चार बुट्ट्या एका दमात."

"मग ते तालमीत कुस्ती खेळायचे?"

म्हातारा दुसरीकडं बघायला लागला. "तवा न्हवतं तसं. तुमच्या वाड्यातली माणसं माती आणून टाकायची. हौद्यात उतरायची न्हाईत. म्याच उतरू देत न्हवतो. आता वाईट वाटतंय, पर तवा न्हवतं तसं."

अक्षताची कानशिलं तापल्यासारखी झाली. पण विचारायचं ते तिनं विचारलंच.

"तो खड्डा बुजवला कधी?"

"त्येच सांगतोय. ८४ च्या उन्हाळ्यात माती आणाय माणूस धाडला, तर खड्डाच गायब! कुणी तरी आसपासची माती वरबडून भरलेला, अगदी सपाट. म्या म्हटलं, बाळासो पळायच्या आधी चांगलं काम करून गेला."

अक्षता उठली आणि तडक एसटीच्या थांब्याकडं निघाली. चांगलं काम करून गेला? गेलेला माणूस खड्डा बुजवून जातो?

की माणूस गेला, म्हणूनच कुणीतरी खड्डा बुजवला?

४

बुधवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आली. उदयसिंह दारातच उभा होता, चेहरा पडलेला.

"मी फोन केला त्यो जमिनीच्या सौद्यासाठी. दुसरं काय बी न्हाई. शपथ घेतो."

"घेऊ नकोस. तू नाहीस हे मला कळलंय," अक्षता म्हणाली. "बस. मी सांगते ते ऐक, आणि कुठं चुकले तर थांबव."

तिनं नऊ नंबरच्या डब्यातली चिमूटभर माती काचेच्या बशीत पसरली आणि वर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब जिरला नाही. मोत्यासारखा गोल होऊन तो मातीवर तसाच बसून राहिला. शेजारी तिनं आठ नंबरची माती ठेवली. तिथं थेंब पडताक्षणी नाहीसा झाला.

"च्यायला," उदयसिंह पुटपुटला. "तेल हाय यात."

"तेल आहे. मातीत तेल कोण घालतं?"

सांगायला लागतंय का कोल्हापूरच्या माणसाला! हौद्याची माती म्हणजे काय साधी माती असते? तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती पोरासारखी सांभाळतात. ती कधी बाहेर टाकत नाहीत. जुन्या मातीतच नवी मुरवत जातात, आणि तीही छपराखाली.

"छपराखाली," उदयसिंह म्हणाला. "म्हणून सेसियम न्हाई. त्या मातीवर पाऊसच पडलेला न्हाई."

"आणि पोटॅशियम वेगळं, कारण वर्षानुवर्षं तिच्यात काय काय कालवलेलं. ज्यानं माती बदलली त्याला तांबडी माती हवी होती, आणि त्याच्या हाताशी होती ती तालमीतली. आता दुसरं. ही चोरी कशासाठी? मोजणी होऊ नये म्हणून. पण मोजणी तर महिन्यापूर्वीच झाली होती! तुला ते माहीत होतं. तू चोर असतास तर डब्याला हात न लावता फाइलमधला आलेख फाडला असतास. हंबीररावांना डबा काय आणि नंबर काय, काहीच कळत नाही. त्यांना किल्लीही नाही. म्हणजे चोर असा माणूस, की ज्याच्याकडं किल्ली आहे, ज्याला सेसियम काय सांगतं ते कळतं, पण हा डबा आधी मोजलाय हे ज्याला ठाऊक नाही. डबा भरला त्या शनिवारी जो इथं नव्हता."

उदयसिंहनं मान खाली घातली. त्या दिवशी कोण कुरुंदवाडला लग्नाला गेलं होतं, हे त्याला आठवत होतं.

"'काल तर पयल्यांदा मशीनवर चढला.' असं म्हणाले ते," अक्षता म्हणाली. "आणि ही पट्टी बघ. नऊही डबे आपण दोघांनी बंद केले. आठ डब्यांच्या पट्ट्या मला ब्लेडनं खरवडून काढाव्या लागल्या. फक्त या पट्टीच्या टोकाला घडी आहे. नखं मोडू नयेत म्हणून टोकाला घडी घालायची सवय या विभागात एकाच माणसाला आहे."

मागं दार वाजलं. आण्णा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते किती वेळ उभे होते कोण जाणे.

५

ट्रे त्यांनी सावकाश टेबलावर ठेवला. एक कप कलंडला, तो त्यांनी सरळ केला. मग ते स्टुलावर बसले आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून बघत राहिले.

"आण्णा, नाही म्हणा," अक्षता म्हणाली. खरंच तिला तेवढंच हवं होतं. सगळा हिशेब चुकला तरी चालेल, पण या माणसानं नाही म्हणावं. "माझं चुकलं म्हणा."

"तुझं काय बी चुकलं न्हाई, पोरी. तू हुशार हाईस. म्याच म्हणायचो न्हवं?"

"माझे वडील कुठं आहेत?"

"त्या मातीखाली. हात-दीड हात आनखी खाली."

उदयसिंह ताडकन उठला. अक्षता हलली नाही.

"बाळासो माझा दोस्त हुता," आण्णा सांगू लागले. "माझ्यापरास जास्त जोर त्याच्यात. हौद्यात त्याला उतरू देत न्हवते, म्हणून आम्ही दोघं त्या खड्ड्यात खेळायचो. दिस मावळला की. कुणाला बी ठावं न्हाई, हंबीररावांना बी न्हाई. कैक येळा त्यानं मला चीत केलतं. त्या दिशी मी ईरेला पडलो. खांद्यावर घेतला आणि कलाजंग डाव मारला. त्यो मानंवर पडला. एकदाच 'आण्णा' म्हणाला. मग न्हाई बोलला."

"डॉक्टरकडं का नाही नेलं?" अक्षता ओरडली. "गाव होतं ना! माणसं होती ना!"

"नाडी न्हवती. मला वाटलं, मराठ्याच्या पोरानं बौद्धवाड्यातला माणूस मारला, असंच हुणार. वाडी पेटंल. कुणी म्हणंल का, की आम्ही खेळत हुतो? मी भ्यालो. वरची माती फावड्यानं वढली, खड्डा भरला. दोन दिसांत त्या भट्टीवरच्या बाईचं लोकांनी उठवलं, आणि मी गप बसलो."

"गप बसलात! माझी आई पंधरा वर्षं—"

"म्हणून तर तुला शिकीवली."

हे ऐकलं आणि अक्षताच्या अंगाचा नुसता संताप संताप झाला. फॉर्म, पुस्तकं, आईला पोचवलेले निरोप, दिवाळीची साडी, सगळं तिच्या डोळ्यांसमोरनं गेलं आणि प्रत्येक गोष्टीची तिला शिसारी आली. त्याहून वाईट म्हणजे हा समोर बसलेला माणूस तिला अजून आपला वाटत होता. त्याचाच तिला जास्त राग आला.

"मला शिकवलंत," ती म्हणाली, "पण तिला एक वाक्य सांगितलं नाहीत. तुम्हाला दुसरं काही द्यायची गरजच नव्हती, आण्णा. एक वाक्य."

आण्णांनी मान हलवली. डबा का बदलला, ते कुणी न विचारताच त्यांनी सांगितलं. लेबलवर बोरीचं झाड आणि वीस पावलं वाचली, आणि त्यांना कळलं की आता मशीन बोलणार. दुसरी तांबडी माती आणायला लांब जायला हवं होतं, आणि तालमीतली पहाटे हातातच होती.

"मी पोलीस ठाण्यात जातो. उदय, तू चल संगं. आक्काताईला मी सांगू, का..."

"तुम्ही तिच्यासमोर यायचं नाही. मी सांगते."

६

दुपारच्या एसटीनं ती पुन्हा वाडीत उतरली. आई अंगणात शेंगा पाखडत होती. दोन दिवसांत पोरगी दुसऱ्यांदा आलेली बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय गं? बरं हाय न्हवं?"

अक्षतानं सांगितलं. वाटेत तिनं पुष्कळ जुळवाजुळव केली होती, कसं सुरू करायचं, काय आधी, काय नंतर. प्रत्यक्षात सगळं एका दमात तोंडातनं पडलं. खड्डा, कुस्ती, आण्णा, माळ. उद्या पोलीस खणणार आहेत, तेही सांगून टाकलं. मग ती आईला धरायला पुढं झाली, कारण आई आता कोसळणार असं तिला वाटलं.

आक्काताई कोसळली नाही. ती डोळे मोठे करून बघत राहिली. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता.

"आण्णानं?"

"व्हय."

"हितं बसून च्या पिऊन जायचा की गं त्यो."

"व्हय, आई."

तिनं अक्षताचं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं.

"म्हंजे त्यो पळाला न्हवता?"

"न्हाई. कुणाबरोबर न्हाई, कुठं न्हाई. त्या दिवशी तो घरलाच येणार होता."

आक्काताईनं मनगट सोडलं आणि ती उठली. शेंगा तुडवत ती अंगणातनं थेट गल्लीत गेली. समोरच्या दारात चिमणाबाई बसली होती, शेजारी विठाबाई. गल्लीत आणखी चार माणसं होती. पंधरा वर्षांत ज्या बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर आला नव्हता, ती गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडली.

"चिमणे! ए चिमणे! ऐकतीस न्हवं? विठे, तू बी ऐक! माझा मालक कुठं बी पळाला न्हवता! मेलाय त्यो! मारला त्याला, आणि आपल्याच माळावर पुरलाय! हितंच हुता त्यो, हितंच!"

चिमणाबाईच्या हातातली परडी खाली पडली.

आक्काताईनं एकदा सगळ्यांकडं बघून घेतलं. मग ती तिथंच धुळीत बसली आणि सगळ्या वाडीच्या देखत नवऱ्याचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागली. अक्षता तिच्याजवळ जाऊन बसली, पण तिनं आईला गप्प केलं नाही.